सोमवारची गरी

आमचे वडील डोलकर होते. भरती-ओहोटीच्या हिशेबाने समुद्रावर जायचे, ओहोटीच्या धारेत डोल लावून जे येईल ते घ्यायचे, बोंबील दोरीवर वाळत घालायचे आणि उरलेल्या वेळी ओसरीत बसून जाळे शिवायचे, असा त्यांचा आयुष्यक्रम होता. रविवारी धक्क्यावर गरी टाकून बसणारे मुंबईचे हौशी लोक दिसले की ते जरा आवाज चढवूनच म्हणत, "माशाशी खेळू नये. खायचा असेल तर धरावा, नाहीतर त्याच्या घरी राहू द्यावा." त्यांच्या या मुलाने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, सातासमुद्रापलीकडच्या एका धरणात, खाण्यासाठी नसलेल्या माशाच्या मागे चौदा सोमवार खर्ची घातले, हे कळण्यापूर्वीच ते देवाघरी गेले. ते एका अर्थी बरे झाले.

२०१८ च्या नोव्हेंबरात आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियातील एका धर्मग्रामात दाखल झालो. तेथील प्रमुख धर्मगुरूंवर शस्त्रक्रिया व्हायची होती आणि त्यांच्या अनुपस्थितीत पाच-सहा महिने आम्ही तेथील काम पाहावे, असे ठरले होते. सोमवार हा सुट्टीचा दिवस. परक्या देशात सुट्टीचा दिवस हा कामाच्या दिवसापेक्षा लांब असतो. धर्मगुरू-निवासाच्या खिडकीशी बसून आम्ही पहिले दोन सोमवार ढकलले. तिसऱ्या सोमवारी पहाटे चार वाजता एक जुना ट्रक दाराशी येऊन उभा राहिला. रोज सकाळच्या मिस्साला शेवटच्या बाकावर बसणारे एक निवृत्त सुतार त्यात होते. आम्ही मच्छिमाराचे पुत्र आहोत एवढेच त्यांनी कोठूनसे ऐकले होते. "फादर, तुम्हाला पाण्यावर नेतो," एवढे बोलून त्यांनी ट्रकचे दार उघडले. त्यांचे नाव येथे देत नाही. आम्ही त्यांना 'नाखवा' म्हणू लागलो. या शब्दाचा अर्थ सांगितल्यावर तो त्यांना इतका आवडला की आपल्या होडीच्या बाजूवर तो त्यांनी रंगाने लिहून घेतला. अर्थात रोमन लिपीत, आणि चुकीच्या स्पेलिंगने.

ते पाणी म्हणजे कस्टेक जलाशय. लॉस एंजेलिसच्या वायव्येस, पाच क्रमांकाच्या महामार्गालगत, उघड्याबोडक्या तांबूस टेकड्यांमध्ये तो पसरलेला आहे. १९७३ साली तेथे ४२५ फूट उंचीचे मातीचे धरण पूर्ण झाले. उत्तर कॅलिफोर्नियातून कालव्यांनी शेकडो मैल वाहून आणलेले पाणी त्यात साठवतात. त्याला दोन फाटे आहेत. एकात वेगवान बोटींच्या मागे घसरत जाणारी तरुण मंडळी आणि दुसऱ्यात आमच्यासारखी चिकाटीची मंडळी, अशी वाटणी केलेली आहे. नाखव्याचा मासा म्हणजे बास, मोठ्या जबड्याचा. हाही त्या प्रांतीचा मूळ रहिवासी नव्हे. मूळचा तो अमेरिकेच्या पूर्वेकडचा. त्यातही फ्लोरिडातील जात फार मोठी होते, म्हणून १९५९ साली ती सॅन दिएगोजवळच्या अप्पर ओटे तलावात आणून सोडली गेली आणि तेथून आसपासच्या जलाशयांत पसरली. हिवाळ्यात ट्रकच्या टाक्यांतून संवर्धन केंद्रांत वाढवलेले रेनबो ट्राउट मासे पाण्यात ओततात. ते खरे तर माणसांनी धरून न्यावेत म्हणून सोडलेले असतात. पण वीतभर लांबीचा, तेलकट, पिंजऱ्यात वाढल्याने कोणाचीच भीती नसलेला ट्राउट हे बास मादीचे पक्वान्नही ठरले. माणसाने बांधलेले तळे, माणसाने आणलेले पाणी, माणसाने आणलेला शिकारी आणि माणसाने वाढवलेली शिकार. त्या तळ्यात अस्सल असे काय होते, तर भूक.

या भुकेला फसवण्यासाठी जो बनावट ट्राउट तयार झाला त्याला स्विमबेट म्हणतात. बासच्या गरवणीत सर्वसाधारणपणे बोटभर लांबीची आमिषे वापरतात. स्विमबेट मात्र सहापासून दहा इंचांपर्यंत, कधी त्याहूनही मोठा असतो. अॅलन कोल या गरवणाऱ्याने घडवलेला ए.सी. प्लग हा या घराण्याच्या पूर्वजांपैकी एक. लाकडी धड, मधे सांधा, मागे रबरी शेपूट. पुढे केन हडलस्टन यांनी मऊ प्लॅस्टिकचा आठ इंची ट्राउट बनवला. तो प्रथम हातात घेतला तेव्हा आम्ही चमकलो. पाठीवरचे ठिपके, बाजूची गुलाबी रेघ, कल्ल्यांची घडी, सारे हुबेहूब. पाण्यात ओढला की केवळ त्याची शेपूट डुलते, अंग स्थिर राहते. त्याच्यावर लिहिलेला आकडा बुडण्याचा वेग सांगतो: बारा आकडा असेल तर तो दहा सेकंदांत बारा फूट खाली जातो, पाच असेल तर पाच फूट. कोणत्या दिवशी, किती खोल पाण्यात, कोणता आकडा वापरावा यावर नाखवा ज्या गांभीर्याने बोलत असे, तितके गांभीर्य आम्ही सेमिनरीत धर्मसिद्धांतांच्या तासालाही पाहिले नव्हते.

साधनांच्या बाबतीत त्यांची मते ठाम होती आणि ती येथे नोंदवणे आम्हाला भाग आहे, कारण पुढील सारा प्रसंग त्यांच्यावरच उभा आहे. दांडी आठ फुटांची, जाड, पण टोकाशी थोडी वाकणारी. कारण आमिषाचेच वजन तीन औंसांच्या घरात. नेहमीच्या दांडीने ते फेकले तर दांडी तरी मोडेल नाहीतर खांदा. रीळ मोठे आणि सावकाश गुंडाळणारे. वेगवान रिळाने माणसाला घाई करण्याची सोय होते, असे ते म्हणत. दोरा म्हणजे आपला तंगूस, पंचवीस पौंडी. आजकाल पुष्कळजण विणलेला दोरा वापरतात, तो तुटत नाही. पण तो ताणतही नाही, त्यामुळे मोठ्या माशाने डोके झाडले की जबड्यातून गळ उपटून येतो, हा नाखव्याचा आक्षेप. तंगूस ताण सोसतो. त्याचा दोष एकच: तो खडकाला घासला की दुबळा होतो आणि दुबळा झाल्याचे दिसत नाही. म्हणून दर काही फेकींनंतर शेवटचा हातभर तंगूस ओठांवरून वा बोटांच्या पेरांवरून फिरवून पाहायचा, कोठे खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून टाकायचा आणि गाठ नवी बांधायची. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करायची, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने तेथेच तंगूस कमजोर होतो. गाठीचे नाव सॅन दिएगो जॅम. ती शिकायला आम्हाला दोन सोमवार लागले.

हे सारे ऐकताना आम्हाला आमचे वडील आठवत होते. तेही रात्री दिव्याच्या उजेडात जाळ्याचे आस बोटांनी चाचपत बसायचे. डोळ्यांनी पाहात नसत, बोटांनीच पाहात. एखादा धागा झिजलेला लागला की तेवढ्यापुरते थांबायचे.

पहिल्या महिन्यात आम्ही मासे धरले नाहीत, घरटी बांधली. फेकताना रिळाच्या फिरकीवर अंगठ्याचा हलका दाब ठेवायचा असतो. तो सुटला की आमिष पाण्यावर आपटून थांबते, पण फिरकी फिरतच राहते आणि तंगुसाचा असा काही गुंता होतो की तेथील गरवणारे त्याला पक्ष्याचे घरटे म्हणतात. एका सकाळी आम्ही अशी चार घरटी केली. दर वेळी नाखवा शांतपणे दांडी मागून घेत, गुंता सोडवत आणि परत देत. चौथ्या वेळी त्यांनी तो कापून टाकला आणि नवा तंगूस भरला. त्या वेळी त्यांचा चेहरा पाहण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही.

नंतर आमिषे तळाशी अडकू लागली. होडी काठाजवळ ठेवून आमिष खोल पाण्याकडे फेकायचे आणि तळाला धरून उतारावरून वर आणायचे, ही पद्धत. उतारावर खडक, बुडालेली झुडपे. अडकलेले आमिष सोडवण्यासाठी शिशाचे एक जड वजन तंगुसावरून खाली सोडतात. ते आमिषाच्या नाकाडावर आपटते आणि नशीब असेल तर आमिष मागे सरून सुटते. वारा असेल तर तोपर्यंत होडी भलतीकडे गेलेली असते. शिवाय लहान मासे येऊन शेपटीचा लचका तोडून जात. तंगुसात ठोका जाणवायचा, आम्ही दांडी उचलायचो, आणि हाती यायचा तो बिनशेपटीचा ट्राउट. नाखवा घरी नेऊन तापवलेल्या सुरीने ती पुन्हा जोडायचे. शेजारच्या होडीतली दोन पोरे बोटभर रबरी गांडुळे लावून अर्ध्या तासात पाच-सहा बास काढायची, हसायची, सोडून द्यायची. "एखादी हलकी दांडी आणली असती तर?" असे आम्ही एकदा सुचवले. नाखव्याने मान हलवली. "हलकी दांडी होडीत असली की हात तिकडे जातो, फादर. म्हणून ती घरी ठेवायची."

या सगळ्याहून जिव्हारी लागणारे दुःख वेगळेच होते. डिसेंबरच्या मध्यास एका सकाळी पाणी आरशासारखे होते. आमिष होडीपासून पंधरा फुटांवर आले असताना त्याच्या मागे एक सावली दिसली. प्रथम वाटले, ढगाची असेल. मग तिला डोळे दिसले. शाळकरी पोराच्या दप्तराएवढे रुंद अंग, उघडझाप करणारे कल्ले. ती मादी आमिषाच्या शेपटीला नाक लावून, त्याच्याच चालीने, अगदी होडीखालपर्यंत आली. आम्ही हात हलवला नाही, श्वास घेतला नाही. तिने आमिष पाहिले आणि, आम्ही शपथेवर सांगतो, आम्हालाही पाहिले. मग घाईगर्दी न करता, एखादी आजी नको असलेला फराळ बाजूला सारते तशी, ती वळली आणि हिरव्या पाण्यात विरघळून गेली. आमचे गुडघे थरथरत होते. नाखवा म्हणाले, "आता तुम्ही बिघडलात."

ते खरे होते. असे मागे येऊन परत जाणे हे स्विमबेटच्या गरवणीत नित्याचेच. घाईने ओढले तर मासा वळतो, थांबलो तरी वळतो. जागा लक्षात ठेवून तास-दोन तासांनी वेगळ्या दिशेने फेक करून पाहावी, एवढाच उपाय. मासा नाही म्हणून परतणे आम्हाला जमले असते. मासा आहे, आपल्याला पाहतो आहे आणि नकार देतो आहे, हे घेऊन परतणे अवघड होते. मंगळवारच्या प्रवचनाची तयारी करताना आम्हाला ती सावली दिसायची. हे आम्ही कौतुकाने सांगत नाही.

धरून सोडून देण्याच्या त्यांच्या रीतीवर आम्ही नाखव्याशी पुष्कळ वाद घातला. वडिलांचे वाक्य त्यांना ऐकवले. माशाच्या तोंडात गळ रुतवायचा, त्याला दमवायचे, फोटो काढायचा आणि मग दयाळूपणे सोडून द्यायचे, यात दया कोठली? नाखवा म्हणाले, "दहा पौंडांची मादी व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात. तिला मी दोन वेळा जेवण्यासाठी मारू? खायला मी ट्राउट नेतो." हे उत्तर वाईट नव्हते, पण ते आमच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, असे आमचे मत तेव्हाही होते, आजही आहे. जॉर्जिया राज्यात १९३२ साली जॉर्ज पेरी यांनी २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. हा जागतिक विक्रम आजही उभा आहे. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची केवळ बरोबरी केली. पेरींच्या घरच्यांनी तो मासा शिजवून खाल्ला, असे सांगतात. ही कथा आम्हाला फार आवडली. वडिलांनाही आवडली असती. याच कस्टेकमध्ये १९९१ साली बॉब क्रुपी या पोलीस अधिकाऱ्याने २२ पौंडांचा बास धरला, तोलला आणि पाण्यात परत सोडला. ही कथा नाखव्याला आवडे. दोघेही आपापल्या कथेवर अडून राहिलो.

फेब्रुवारीत आम्हाला पहिला मासा मिळाला. पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलो. नाखव्याने आमच्यापेक्षा मोठ्याने आरोळी दिली. सोडताना तो तळहातावर क्षणभर थांबला आणि मग शेपटीने पाणी उडवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्साबलिदानाच्या वेळी हात वर करताना बोटांना तो वास आला. दोनदा साबण लावूनही गेला नव्हता. सेमिनरीत असताना भेटीच्या रविवारी वडील यायचे. धुतलेला सदरा घालून यायचे, तरी त्यांच्याभोवती हा वास असायचा आणि आम्ही त्यांना आवाराच्या टोकाशी, झाडाखाली, इतर मुलांपासून दूर नेऊन बसवायचो. त्यांनी कधी विचारले नाही, इतक्या लांब का बसायचे म्हणून. समोर वीसेक माणसे उभी होती आणि आम्हाला पुढील प्रार्थना आठवायला एक क्षण लागला.

आता तो सोमवार. २०१९ चा मार्च. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील कितीतरी टेकड्या पॉपीच्या फुलांनी केशरी झाल्या होत्या. ट्रकमध्ये नाखव्याने आम्हाला डॉटीची गोष्ट सांगितली. एस्कॉन्डिडो गावच्या लहानशा डिक्सन तलावात एक बास मादी होती, कल्ल्याखाली काळा ठिपका असलेली. २००३ साली ती जेड डिकरसन यांना मिळाली तेव्हा २१ पौंड ११ औंस होती. २००६ च्या मार्चमध्ये त्यांचेच मित्र मॅक वीकली यांच्या गळाला ती लागली. हातकाट्यावर वजन भरले २५ पौंड १ औंस. पेरींच्या विक्रमापेक्षा जवळजवळ तीन पौंड अधिक. परंतु गळ तिच्या तोंडात नव्हता, बाहेर अंगात रुतला होता. मुद्दाम नव्हे, चुकून. वीकलींनी तिला सोडून दिले आणि विक्रमाचा दावा केला नाही. २००८ मध्ये ती तलावात मृतावस्थेत सापडली. "एवढ्या मोठ्या लाभाच्या वेळी," नाखवा म्हणाले, "गळ कोठे होता ते खरे सांगितले." आम्ही मान डोलावली. पुढील चार तासांत आम्ही काय करणार आहोत, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

त्या दिवशी नाखव्याने आम्हाला स्वतःचा जुना ट्राउट वापरायला दिला होता. बारा वर्षांपूर्वी, २००७ साली, त्याच्यावर त्यांना आयुष्यातला सर्वांत मोठा बास मिळाला होता. रंग उडालेला, शेपूट तीनदा जोडलेली, पोटाला डिंकाचे डाग. नवे तसे आमिष दुकानात मिळते. पण सुतार माणूस जुन्या पटाशीला जसा जपतो तसे ते त्याला जपत. दहाच्या सुमारास तो खडकात अडकला. शिशाचे वजन सोडून आम्ही तो सोडवला. वारा सुटला होता, बोटे गारठली होती, अकरा वाजता निघायचे होते, कारण दुपारी आम्हाला एक दफनविधी होता. नाखवा होडीच्या पुढच्या टोकाला मोटर सांभाळत, आमच्याकडे पाठ करून उभे होते. त्यांनी न वळताच विचारले, "तंगूस पाहिलात? गाठ नवी बांधलीत?"

आम्ही म्हणालो, "हो."

का म्हणालो, याचा विचार आम्ही नंतर पुष्कळ केला आहे. गाठ बांधायला दोन मिनिटे लागली असती. त्या दोन मिनिटांत एक फेक कमी झाली असती. एवढेच.

तिसऱ्या फेकीला तंगूस जड झाला. ठोका नाही, हिसका नाही. ओले गोणपाट अडकावे तसे काहीतरी. आम्ही रीळ फिरवत दांडी बाजूला ओढली आणि ते गोणपाट चालू लागले. पाण्याखाली एक पांढरी रेघ पलटली. मग ती वर आली, अर्धे अंग पाण्याबाहेर, जबडा एवढा उघडा की त्यात बादलीचे तोंड बसले असते, आणि त्याच्या कडेला लोंबणारा तो रंग उडालेला ट्राउट. तिने डोके झाडले. एकदा. दुसऱ्यांदा झाडण्याची तिला गरज पडली नाही. दांडी सरळ झाली आणि तंगूस वाऱ्यावर तरंगू लागला.

नाखव्याने वाकून ते टोक हाती घेतले. आयुष्यभर लाकडाची सफाई बोटांनी जोखलेला तो माणूस. त्यांनी शेवटचा वीतभर भाग अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून सावकाश ओढला. तो पांढरट, खरखरीत होता. ते आम्हाला उभ्या जागेवरून दिसत होते. आम्ही म्हणालो, "तिने खडकाला घासला असेल." हे दुसरे असत्य. "असेल," नाखवा म्हणाले. मासा किती मोठा होता याचा अंदाज त्यांनी सांगितला नाही, आम्हीही विचारला नाही. परतीच्या वाटेवर त्यांनी रेडिओ लावला. दुपारी दफनविधीच्या वेळी आम्ही काय बोललो ते आम्हाला आठवत नाही.

पुढचा सोमवार पावसात गेला. त्याच्या पुढचा आमचा शेवटचा सोमवार. आम्ही सर्वांची पापनिवेदने ऐकतो; जाळीच्या त्या बाजूला बसणे किती सोपे असते हे त्या सकाळी कळले. होडी पाण्यात उतरवण्यापूर्वीच, ट्रकमध्ये कॉफी पिताना, आम्ही त्यांना सांगितले की गाठ बांधली नव्हती, तंगूसही पाहिला नव्हता.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुम्ही गाठ ओली करताना 'थू' असा आवाज करता, फादर. फार मोठा. त्या दिवशी मला तो ऐकू आला नाही."

"मग तुम्ही पुन्हा विचारले का नाही?"

"तुम्ही हो म्हणालात ना."

थोड्या वेळाने आम्ही त्या मादीबद्दल विचारले. तिच्या तोंडात तिहेरी गळ राहिला होता आणि त्याचाच घोर आम्हाला जास्त लागला होता. नाखव्याने पेटी उघडून दुसरा एक ट्राउट दाखवला. गळांचे उलटे काटे त्यांनी पकडीने चेपून टाकले होते, सर्वच आमिषांचे. काटा चेपलेला असला की मासा पुष्कळदा डोके झाडून गळ टाकून देतो. "बहुधा सुटली असेल," ते म्हणाले. त्यांच्या 'बहुधा'वर आम्हाला आणखी काही मागता आले नाही. ते आमिष बुडणारे होते. सुटले असले तरी तळाशीच पडले असणार. त्या दिवशी आम्ही त्याच उतारावर तीन तास काढले. काहीही लागले नाही. दर दहा फेकींनंतर आम्ही गाठ कापून नवी बांधली आणि प्रत्येक वेळी ती ओली करताना नाखवा पाठमोरे हसत होते, हे त्यांच्या खांद्यांवरून दिसत होते. चौदा सोमवारांत आमच्या आमिषाला तीन माशांनी तोंड लावले. एक हाती आला, एक निसटला, आणि एक ती.

आता आम्ही पुन्हा आपल्या माणसांत आहोत. वर्षातून दोनदा नाखव्याचा फोन येतो. नाताळला हमखास, एरवी काही मोठा मासा मिळाला तर. २०२५ च्या जानेवारीत मात्र आम्हीच फोन केला. त्या महिन्याच्या २२ तारखेला कस्टेक जलाशयाशेजारी वणवा पेटला, टेकड्या दहा हजार एकरांवर जळाल्या आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली, हे आम्ही येथील वृत्तपत्रात वाचले होते. पहिले दोन फोन लागले नाहीत. तिसऱ्यांदा लागला. ते एका नातेवाइकाकडे होते. घर वाचले होते. निघायला अर्धा तास मिळाला होता, असे ते म्हणाले. काय काय घेतले, असे आम्ही विचारले. घराचे कागद, पत्नीचा फोटो, तिची जपमाळ, त्यांची औषधे.

"आणि?" आम्ही विचारले.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, आमिषांच्या दोन्ही पेट्या त्यांनी सर्वांत आधी ट्रकमध्ये ठेवल्या होत्या, फोटोची आठवण नंतर झाली, आणि ही गोष्ट त्यांनी अजून कोणाला सांगितलेली नाही.